साठाव्या कासऱ्यावरचा दगड

आमचं रान रस्त्याच्या बाजूला रुंद आणि ओढ्याकडे निमुळतं. दोन्ही अंगांचे बांध पुढे एका दगडाशी मिळतात, असं आबा, म्हणजे माझे वडील, सांगत. पण एका पुरात शेवटचा तुकडा गाळाखाली गेला, बांध मध्येच तुटले, आणि शेजाऱ्याने तिथे आपला नांगर घातला.

"बांध सपला, रान सपलं," तो पारावर चारचौघांत म्हणाला. "म्हनं म्होरं मिळत्यात! रस्त्यावरनं बगितलं तर समदेच बांध म्होरं मिळत्यात. तुमचा दगड तुमच्या डोक्यात हाय."

लोक हसले. आबांनी तीन ठिकाणी खणलं, काही निघालं नाही. मग त्यांनी पारावर बसणंच सोडलं.

मी तेव्हा अकरावीत, मॅट्रिकच्या वर्गात होते आणि राग कायम नाकावर. डोळा फसवतो हे शेजाऱ्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. वर्गात नुकतंच शिकले होते की दोन रेषांचे चढ सारखे नसतील तर त्या मिळणारच, आणि कुठे ते समीकरणं सांगतात. परीक्षेपुरतं मी ते मानत असे.

बैलाचा कासरा घेतला, एक टोक आईच्या हातात दिलं. रस्त्यावर दोन बांधांत सहा कासरे अंतर. वीस कासरे आत गेल्यावर खालचा बांध एक कासरा वर सरकलेला, वरचा एक खाली. चाळीसवर पुन्हा तितकंच, आणि तिथे बांध संपले. वहीत दोन ओळी झाल्या: एकीत य म्हणजे क्षचा विसावा भाग, दुसरीत सहातून तेवढाच वजा. एक चढती, एक उतरती. मिळणारच होत्या. क्ष साठ, य तीन: रस्त्यापासून साठ कासरे आत, खालच्या कोपऱ्याच्या सरळीत तीन वर; तिथे मी खूण केली.

"पुन्यांदा हसं नगं गं," आबा म्हणाले, पण कुदळ घेतली. शेजारी कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. कमरेइतकं खोल गेल्यावर, माझ्या खुणेपासून हातभर बाजूला, कुदळ खणकन वाजली.

"असले दगड वड्यात लई," शेजारी म्हणाला.

आबांनी दगड उलटवला. खाली कोळसे होते. हद्दीच्या दगडाखाली आमच्याकडे कोळसा पुरत, कारण तो कुजत नाही. शेजारी निघून गेला. चार दिवसांपूर्वी शाईने लिहिलेल्या दोन ओळींना मातीच्या आतलं दिसलं होतं, आणि मला त्या वहीला हात लावायची भीती वाटू लागली.

आबा खड्ड्यातच बसले, मुठीत कोळसा धरून. लहानपणी आजोबांनी तो त्यांच्याच हातून टाकून घेतला होता. ध्यानात राहावं म्हणून शिवाय गुळाचा खडा खायला दिला होता.

"मला सोताला वाटाया लागलं हुतं, म्या सपान बगितलं का काय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघतच राहिले. "म्या हितं हुतो, तरी मला घावलं न्हाई. तू तर तवा जल्मली बी नव्हतीस, पोरी."