हळदीचं बेणं निवडणारी

कृषी विद्यापीठातल्या माझ्या संशोधनासाठी मी डोंगरकडा गावात घरोघरी प्रश्नावली भरून घेत होतो. एका ओसरीवर नवरा उत्तरं देत होता आणि बायको खाली मान घालून लागवडीसाठी हळदीचं बेणं निवडत होती. कुजका कंद ती नुसत्या बोटानं दाबून ओळखायची.

"शेतात घरचे किती जण राबतात?" मी विचारलं.

"मी एकटाच," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "सायेब, मंग माझे हात काहून पिवळे झाले, तेबी लिहून घ्या."

तो ओशाळला. "दोघं लिहा," हळूच म्हणाला. ती पुन्हा बेणं निवडू लागली.

तोवरच्या सगळ्या घरांत मी फक्त पुरुषांनाच विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक घरी परत गेलो आणि आधी बायकांशी बोललो.