रुळावरच्या तीन डब्या

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप मोबाईलकडे जातो. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, आता मला कंट्रोल रूममधून कोणी फोन करणार नाही. तरी जातो.

मी तेव्हा मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत बंद पडलेल्या कारखान्यांकडे जाणारी मालगाडीची एक जुनी लाइन होती. कारखाने गेले, गाड्या थांबल्या, रुळांत झुडपं माजली. मग तिथे चालण्यासाठी आणि सायकलसाठी हरित मार्ग करायचं ठरलं. झुडपं काढली, एका बाजूचे रूळ शोभेसाठी तसेच ठेवले, शेजारी लाल रंगाचा गुळगुळीत सायकलपट्टा केला, बाकं टाकली, झाडं लावली. खरं सांगतो, जागा झकास झाली होती. हद्दीत काहीतरी चांगलं होतंय म्हणून मीही खूश होतो. रविवारी सकाळी उद्घाटन होतं आणि त्यानंतर लगेच दोन शाळांच्या मुलांची सायकल फेरी.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास झाडांना पाणी घालणाऱ्या बाईला रुळावर काहीतरी चिकटवलेलं दिसलं. बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढ्या तीन लाल डब्या, शिशाच्या पट्ट्यांनी रुळाला घट्ट बांधलेल्या. तिने वॉचमनला सांगितलं, वॉचमनने कंट्रोलला फोन केला, आणि तिथून माझी झोप उडाली ती उडालीच.

बॉम्बशोधक पथक आलं, श्वान आलं. पथकातला अधिकारी म्हणाला, "साहेब, बॉम्ब नाही. रेल्वेचे फटाके आहेत. धुक्यात किंवा धोक्याच्या वेळी रुळावर लावतात. इंजिनाचं चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. मुदत संपलेले दिसतात, पण दारू ती दारूच."

म्हणजे स्फोटक पदार्थच. रीतसर गुन्हा दाखल केला. माझ्या डोक्यात एकच विचार होता: आणखी कुठे लावलेत का? सकाळी मुलं येणार. एखाद्याच्या पायाखाली काही फुटलं तर त्याच्या आईबापांना तोंड कसं दाखवायचं? वरिष्ठाचा चेहरा घाबरलेला दिसला की सगळं ठाणं घाबरतं, म्हणून मी उगाच मोठ्या आवाजात सूचना देत फिरत होतो.

अकरा वाजता आमचा नेहमीचा खबरी आला. प्रवेशद्वारासमोर त्याची चहाची टपरी होती. म्हणाला, "साहेब, तो म्हातारा चावीवाला आहे ना, त्यालाच उचला. चार दिवसांपूर्वी इथे साइटच्या इंजिनिअरशी जाम भांडला. सगळ्यांसमोर बोलला, मी हे उद्घाटन होऊ देणार नाही. माझ्या टपरीवरचे सगळे साक्षीदार आहेत."

चावीवाला म्हणजे रेल्वेचा तो माणूस, जो रोज ठरलेल्या टप्प्यात पायी फिरून रूळ जागेवर धरणाऱ्या सैल झालेल्या लोखंडी पाचरी, म्हणजे चाव्या, हातोड्याने ठोकतो. या म्हाताऱ्याची अर्धी नोकरी याच लाइनवर गेली होती. निवृत्त झाल्यावरही तो रोज सकाळी इथे फेरी मारायचा. लोक त्याला अर्धवट समजत.

शिपाई गेले तेव्हा तो घराच्या ओट्यावर बसला होता. मुकाट्याने चपला घालून आला. फटाके तूच लावलेस का, विचारल्यावर त्याच्या मालवणीत म्हणाला, "होय, मीयाच लावलंय." लाइनवरची चौकी पाडताना कपाटात सापडले होते, हेही सांगितलं. त्यापुढे मात्र गप्प.

नोकरीत मी नाना तऱ्हेची माणसं बोलती केली. खोटं बोलणारा जास्त बोलतो, त्यामुळे तो सोपा. जो कबुली देऊन गप्प बसतो, त्याची मला कायम भीती वाटत आली आहे. मी दरडावलं, समजावलं, पेन्शन बंद होईल म्हणून धमकावलं. दुपारचे तीन वाजले, चार वाजले. वरून दर अर्ध्या तासाने विचारणा होत होती. मी टेबलावर मूठ आपटून ओरडलो, "अरे, उद्या पोरं येणार आहेत तिथे! अजून कुठे काय लावलंयस, बोल!"

"पोरां येतली म्हणानच लावलंय," तो म्हणाला.

हे ऐकून मी ताडकन उठलो. अंगावर धावून जाणार, तेवढ्यात हवालदार पंचनामा सहीसाठी घेऊन आला. त्यानेच मला वाचवलं म्हणायचं. हा हवालदार कागदावर फार कटकट्या. घटनास्थळी टेप लावून मोजल्याशिवाय तो नकाशा काढत नसे, आणि आम्ही सगळे त्यावरून त्याची थट्टा करायचो. मी वाचलं: पहिल्या डबीपासून दुसरी दहा मीटर, दुसरीपासून तिसरी दहा मीटर. बरोबर दहा.

घातपात करणारा टेप घेऊन येत नाही. मी खुर्ची ओढून म्हाताऱ्यासमोर बसलो.

"बाबा, तीनच का? आणि दहा-दहा मीटरवरच का?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "नियम हा तसो. तीन फटाके दिसले की समजाचा, फुडे बाराशे मीटरवर लाइन धोक्यात हा. सहाशेवर लाल बावटो. तो मी तीन दिवस बांधलंय. तुमचो वॉचमन रोज सोडून टाकी."

"बाराशे मीटरवर काय आहे?"

"मोरी."

मग तो बोलू लागला. मोरी म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल; त्याची दगडी कमान फार वर्षांपूर्वीच तडकली होती. तिच्यावर भार पडू नये म्हणून रेल्वेने तिथे रूळ एकमेकांना जोडून, या काठावरून त्या काठावर टाकले होते. गाडी त्या जुडग्यावरून जायची, कमानीवरून नाही. "खाट होती ती. खाटेवरचो माणूस जमनीवर भार घालता काय?" हरित मार्ग करताना ठेकेदाराने ते जास्तीचे रूळ अडगळ समजून उचलले आणि तडकलेल्या कमानीवर भराव टाकून काँक्रीट ओतलं.

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांका सांगलंय. इंजिनिअर म्हणालो, म्हातारो खुळो हा. रेल्वेवाले म्हणाले, आता ती जागा आमची नाय. धा दिसांआदी हंयसर ठाण्यात पण इलंय. तुमच्या पोलिसान म्हटल्यान, सायबांका येळ नाय." मग तो म्हणाला, "तोंडान सांगून भागला नाय, म्हणान लाल लावलंय. लाल दिसल्यार माणूस थांबता."

चाळीस वर्षं ज्याच्या लाल बावट्यापुढे अख्खी मालगाडी थांबली, त्याला हे ठाऊकच नव्हतं की बिनगाडीच्या रुळावर त्याची भाषा वाचणारं आता कोणी उरलं नाही.

उजेड होता तोवर आम्ही मोरीवर पोचलो. वरून सगळं छान दिसत होतं. साइटचा इंजिनिअर पाय आपटून दाखवत होता, "बघा ना सर, हत्ती नाचवा इथे!" मला त्यातलं काही कळत नव्हतं. एका बाजूला डिग्रीवाला इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला माझ्याच गुन्ह्यातला आरोपी. निर्णय चुकला तर एक तर मुलं नाल्यात, नाही तर माझी नोकरी गेली. मी दोन्ही टोकांना बॅरिकेड लावायला सांगितले आणि वर कळवलं की बंदोबस्त देणार नाही, फेरी होणार नाही. त्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्याला रात्री घरी सोडलं.

रविवारी सकाळी मुलं सायकली घेऊन बॅरिकेडपर्यंत आली आणि रडवेली होऊन परत गेली. लोक मला हसले. पुलांच्या खात्याचा एक वयस्कर अभियंता दुपारी आला. त्याने मोरीच्या मधोमध सायकलपट्ट्याला भोक पाडायला लावलं. काँक्रीट फुटल्यावर मजुराने पहार खाली दाबली, ती त्याच्या हातातून सुटली आणि सरळ खाली नाल्यात पडली. भराव वाहून गेला होता, कमानीचे मधले दगड निखळले होते. चार बोटं जाडीच्या काँक्रीटवर सगळं तरंगत होतं. अभियंता एवढंच म्हणाला, "आधी सगळे बाजूला व्हा."

मी बाकावर बसून राहिलो.

पुढे मोरी नव्याने बांधली, मार्ग सुरू झाला. पण दाखल झालेला गुन्हा फाडून टाकता येत नाही. म्हाताऱ्याला जामीन घ्यावा लागला, तारखांना जावं लागलं. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा अहवाल मी न्यायालयाला दिला आणि तो मंजूर व्हायला काही महिने गेले. मंजूर झाल्याचं सांगायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. साध्या कपड्यांत, पेढे घेऊन.

तो बाहेर गेला होता. त्याची बायको दारात उभी राहिली. मी सगळं सांगितलं, तुमच्या यजमानांमुळे कितीतरी मुलं वाचली, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सायबा, त्या दिवशी सकाळपासून रातपर्यंत ते तुमच्याकडे होते. तेंका जेवूक घातलात काय?"

मी आठवून पाहिलं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं. वडापाव आले होते, चहा तर चार वेळा झाला होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. कोठडीतल्या अट्टल चोरालासुद्धा वेळेवर जेवण मिळतं, नोंद होते. याला तर मी माझ्यासमोरच बसवून ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मगे आत येवा. बसा. जेवन जावा."

तिने भात आणि माशाचं सार वाढलं. मी खाली मान घालून जेवलो. ती समोर बसून होती. या प्रकरणासाठी मला पुढे प्रशस्तिपत्र मिळालं, भाषणं झाली, आरोपीवर विश्वास ठेवण्याचं धैर्य वगैरे. धैर्य कसलं? दहा दिवस आधी जो माणूस स्वतःहून ठाण्यात आला, त्याला भेटायला मला वेळ मिळाला नाही, आणि ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी मी त्याला उपाशी ठेवून प्रश्न विचारले. माझ्या नंतरच्या अधिकाऱ्यांना मी एकच सांगत आलो: समोर आलेल्या माणसाला आधी बसवा, पाणी द्या, खाल्लंस का विचारा, आणि मग काय ते विचारा. ते हसतात. हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत, आणि मलाही नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.