हात दाखवायला कोण आहे

यवतमाळहून मारेगावला जाणाऱ्या एसटीत एक म्हातारा माझ्या शेजारी बसला आणि बसल्या बसल्या पुण्याला शिव्या घालू लागला. मुलाकडे वर्षभर राहून तो कापूस वेचणीसाठी गावी परतत होता.

"मानसं हायेत का भुतं? रस्त्यावर पाय ठेवाची सोय नाई. पयले पयले त मी फाटकापासूनच वापस येत होतो."

"मंग?" मी विचारलं.

"मंग एका बाईनं शिकवलं. गाड्याइकडं पाहाचंच नाई. हात वर कराचा अन् चालाले लागाचं." त्यानं पंजा असा उगारला की पुढच्या सीटवरची बाई सरकून बसली. "मोठमोठ्या कारा थांबल्या माह्यासाठी. मंग घरी दूध असलं तरी मी दूध आनाले जात होतो."

"म्हंजे पुनं आवडलं तुमाले."

"छ्या." तो खिडकीबाहेरच्या कापसाच्या पराटीकडे पाहत राहिला. "पन बाबू, आमच्या गावात हात दाखवाचा कोनाले?"

त्याचा फाटा आला. तो उतरला. रस्ता नजर जाईल तिथपर्यंत रिकामा होता, एक कुत्रंसुद्धा नव्हतं. फक्त आमची बस होती आणि ती निघायच्या बेतात होती. तेवढ्यात म्हातारा हात वर करून तिच्यापुढून रुबाबात चालू लागला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. पलीकडे पोचल्यावर म्हातारा वळला आणि तसाच हात वर करून पुन्हा अलीकडे आला.

कंडक्टर कपाळावर हात मारून म्हणाला, "गाव त याचं इकडंच हाये."