मुलीला कोण सांभाळणार?

कर्वेनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखती होत्या. बाकावर माझ्या शेजारी ती बसली होती. मांडीवर झोपलेल्या मुलीला थोपटत ती उत्तरं पुटपुटायची आणि मध्येच स्वतःशी हसायची. आत तिच्या नवऱ्याची मुलाखत चालली होती, त्याच जागेसाठी.

तो बाहेर आला. मुलीला त्याच्या खांद्यावर देत तिनं विचारलं, "काय विचारलं रे?"

"संशोधनाचंच सगळं."

"आणि हिच्याबद्दल?"

"छे!"

पदर खोचून ती आत गेली. परतली ती लाल होऊन, हसू दाबत.

"पहिलाच प्रश्न! म्हणे, प्रयोगशाळेत उशीर झाला तर मुलीला कोण सांभाळणार? मी म्हटलं, अहो, तिचे बाबा आत्ताच याच खुर्चीत बसून गेले. त्यांना विचारायचं राहिलं का?"

"मग?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग काय! सगळे एकदम चहा प्यायला लागले."

तेवढ्यात मला आत बोलावलं. माझाही मुलगा लहान होता. 'सासूबाई सांभाळतात' हे उत्तर मी घरूनच पाठ करून आले होते.

कुणी विचारलंच नाही. अर्धा तास नुसतं रसायनशास्त्र!