नागेश मास्टरांची रजा

"एका मास्टरच्या पगारात चार हेल्पर येतात," देसाई साहेब म्हणाले. "मास्टर हवाय कशाला?"

दुबईजवळच्या अजमानमधली आमची शर्टांची फॅक्टरी. देसाई साहेब मॅनेजर, मी प्रॉडक्शन प्लॅनर. सोलापूरचे नागेश मास्टर कटिंग बघायचे. कापडाचे थर लावायचे, वर मार्कर म्हणजे कागदी आराखडा ठेवायचा आणि सगळे थर एकदम कापायचे, हे त्यांचं काम. ते कापणार, मग अख्खी लाइन शिवणार. गुरुवारी बायरचा माणूस सँपल बघायला येणार होता. सँपल पास झालं तर दुसरी लाइन सुरू होणार होती, नवी भरती होणार होती. आणि साहेब नेमका मास्टरांचाच व्हिसा कॅन्सल करायला निघाले होते.

माणसं भाजीसारखी तोलायची ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. पण भांडून ते ऐकले नसते. मी गोड आवाजात म्हटलं, "घाई कशाला साहेब? त्यांची रजा शिल्लक आहे. आधी रजेवर पाठवा. हेल्परांना जमलं, तर मग व्हिसा खलास."

साहेब खूश झाले. मी मास्टरांना बेत सांगितला, तेव्हा त्यांनी मिशीवर हात फिरवला. "गावाला जात नाही मॅडम. दुबईत मीना बाजारात मेव्हण्याच्या दुकानात बसतो. बोलावतील की."

चार हेल्परांनी मार्कर बनवला. पहिला लॉट छोटा घ्या, एवढा हट्ट मी धरला. अद्दल घडवायची होती, कापड नासवायचं नव्हतं. त्यांच्या मार्करमध्ये कापड बरंच वाचलं. "बघ," साहेब म्हणाले, "मास्टर इतकी वर्षं कापड उडवत होता."

दुपारी लाइनची सुपरवायझर कुमारी दोन बाह्या घेऊन आली. "सर, सब लेफ्ट है."

चौघांनी एकाच हाताची बाही आखली होती. कापड एका बाजूने छापलेलं, त्यामुळे उलटून लावायची सोय नाही. तरी साहेबांनी एक उलटून पाहिली.

"बायर डावखुरा आहे का, विचारू?" मी म्हटलं. साहेब हसले नाहीत.

शिलाई थांबली. मग काजं-बटणं, इस्त्री, पॅकिंग, सगळेच हातावर हात ठेवून बसले. साहेबांनी गाडीची किल्ली उचलली. "यल्ला, चल."

मीना बाजारात मास्टर चहा पीत होते. "मी रजेवर आहे साहेब."

"रजा कॅन्सल. त्या चौघांना काढतो मी."

"काढताय कशाला? माझ्या हाताखाली द्या. दुसरी लाइन आली तर मी एकटा दोन टेबलांवर नाचू का?"

मास्टर परत आले, नव्याने कापलं आणि सँपल पास झालं. दुसरी लाइन आली, शिलाईवाले आले, इस्त्रीवाले वाढले, कामगारांना आणायला दुसरी बस लागली. ते चौघेही शिकले. पुढे त्यांतला एक रिलीज, म्हणजे कंपनी सोडायची परवानगी, घेऊन शारजाच्या फॅक्टरीत मास्टर झाला. त्याच्या भरवशावर तिथेही नवी लाइन उभी राहिली.

"शिकवलं आपण," साहेब चिडले, "आणि नोकऱ्या वाढल्या शारजात."

"वाढल्या ना पण?" मी म्हटलं.

साहेबांनी यातून धडा घेतला. आता ते मास्टरांची रजाच मंजूर करत नाहीत. त्यावरून आमचं भांडण सुरू आहे.