अण्णांच्या वाट्याची खीर

हेमांगीचा डोळा लागतोय की नाही, हे तिचं तिलाच कळत नाही. कूलर घरघरतोय, पडद्याबाहेर जळगावचं वैशाखातलं ऊन रणरणतंय, आणि तिच्या मांडीवर सहा किलोचे गुंडोपंत निपचित पडले आहेत. गुंडोपंत म्हणजे ससा. फ्लेमिश जायंट जातीचा, आडवा झाला की अर्धा पलंग व्यापणारा, कान हेमांगीच्या पंजाहून मोठे. कालपासून त्याने गवताची काडी तोंडात धरलेली नाही. पोट हाताला दगडासारखं लागतंय. ती ते हळूहळू चोळते आहे, चोळता चोळता मान खाली जाते, दचकून वर येते, पुन्हा जाते.

हे सगळं कशाने झालं, तर मायेने. काल अण्णांचं वर्षश्राद्ध होतं. अण्णा म्हणजे हेमांगीचे सासरे, आणि ससा त्यांचाच लाडका. गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळा काही शिवेना. अशा उन्हात कावळा तरी कशाला येतोय मरायला? पण कुमुदवन्संना, हेमांगीच्या थोरल्या नणंदेला, हे कोण सांगणार. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "अण्णांचा जीव ह्या मुक्या जीवात अडकलाय. ह्याला भरवा, म्हणजे त्यांना पोचेल." झालं. हेमांगी तिकडे वडे तळत होती, तेवढ्यात इकडे श्रीनिवासने, तिच्या सख्ख्या नवऱ्याने, सशाला वाटीभर तांदळाची खीर चाटवली. वर अर्धा वडा. सगळ्यांनी हात जोडले म्हणे.

सकाळी डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. "पोट थांबलंय ह्याचं," ते म्हणाले. "औषध चालू ठेवा, पोट चोळत राहा. संध्याकाळपर्यंत लेंड्या पडल्या तर वाचला म्हणायचं." न पडल्या तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. वन्सं बाहेर जप करत बसल्या आहेत. श्रीनिवास तोंड चुकवून हिंडतोय.

पलंगाच्या कडेला कोणीतरी बसतं. गादी दबते.

"फार जोरात चोळतेस," अण्णा म्हणतात.

अंगात तीच घड्या पडलेली बंडी. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसतायत, आणि पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवत नाहीत.

"तुम्ही कसे आलात?"

"कसे म्हणजे? काल जेवायला बोलावलंत ना मला?"

"पोचली का मग खीर?"

"कुठली पोचतेय. ती ह्याच्या पोटात अडून बसलीय." अण्णा सशाच्या कानामागे बोट फिरवतात. "वेलदोडा जास्त झाला होता का गं? वास येत होता."

हेमांगीला संताप येतो. वास कसला विचारतायत. ती उठायला जाते आणि पायाखाली गोडेतेलाने चिकट झालेली फरशी लागते. किराणा दुकान आहे. समोर तो जुना लोखंडी काटा, ज्यावर ती दर महिन्याला गुंडोपंतांना बसवते, कारण घरचा काटा त्यांच्या बुडाला पुरत नाही. दुकानात गिऱ्हाईक नाही, दुकानदार नाही, पोत्यांतून नुसतं सुकं गवत भरलेलं. ती एका पारड्यात सशाला ठेवते. दुसऱ्या पारड्यात अण्णा आपणहून चढून मांडी घालून बसतात, आणि त्यांचं पारडं वर जातं.

"बघ," ते वरून म्हणतात. "किती उतरवलंस मला."

"साखर किती होती तुमची, आठवतंय? अंगठा काळा पडायला लागला होता. मी होते म्हणून पाय राहिले."

"पाय राहिले. पण चालत जाऊन जेवावं असं एक घर ठेवलं नाहीस तू. सगळीकडे फोन करून सांगितलंस, अण्णांना गोड देऊ नका."

"देत होते तरी लोक."

"देत होते. तुला भिऊन, दाराआड." अण्णा चष्म्याची काडी दाताखाली धरतात. "दिवाळीला सगळ्यांच्या ताटात करंज्या आणि माझ्या ताटात काकडी. सांग, कुणाला गिळवेल?"

"म्हणून सशाच्या नावाने पोळीचा लाडू मागायचात."

"मागायचो. एक तुकडा त्याला, एक मला. एवढंच काय ते जेवण माझं."

हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने लाडू बंद केला होता, दोघांचाही. त्या दिवशी अण्णा जेवले नव्हते आणि श्रीनिवास तिच्याशी बोलला नव्हता. तेराव्याला कुमुदवन्सं भरल्या घरात म्हणाल्या, "सुनेने म्हाताऱ्याला उपाशी ठेवून घालवलं." श्रीनिवास पत्रावळी उचलत होता, तो उचलत राहिला. ते वाक्य हेमांगीच्या घशात वर्षभर तसंच बसलंय.

काट्याच्या खाली पायऱ्या आहेत. दगडी, ओल्या, नदीकडे उतरणाऱ्या. पण खाली नदीच्या जागी आपल्याच घराचं स्वयंपाकघर दिसतंय, ओटा, शेगडी, उलटी घातलेली पातेली. अण्णा तिकडे उतरतायत. त्यांच्या हातात गुंडोपंत, दोन्ही कानांना धरून लोंबकळत.

"कानाला धरू नका," ती ओरडते. "खालून आधार द्या. एवढ्या वजनाचा जीव, झटका दिला तर पाठ मोडेल त्याची."

"मेलेल्या माणसालाही शिकवतेस तू."

"कुठे नेताय?"

"माझ्याबरोबर. तिकडे कोणी वजन करत नाही."

हेमांगी तीन तीन पायऱ्या उतरून जाते आणि सशाला पोटाखालून धरते. ओढते. अण्णाही ओढतात. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"सोडा. तुम्ही आणलात, पण वाढवला मी. मोठ्या जातीचे हे, पाच-सहा वर्षांत आटोपतात म्हणे. ह्याला सातवं लागलंय. कुणामुळे लागलं? त्याच्या अंगाएवढं गवत रोज मी घालते. फरशीवर तळपाय सोलतात म्हणून घरभर जाजमं अंथरते, ती मीच धुते. उन्हाळा लागला की बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवते. नखं मी कापते, दात मी बघते. आणि तुम्ही? लाडू भरवलात आणि नाव कमावलंत."

"माझी माया होती त्याच्यावर."

"मग माझं काय होतं? माझीही मायाच होती. तुमच्यावरसुद्धा. पण मी गोड बोलले नाही, गोड दिलं नाही, म्हणून ती कुणाला दिसली नाही."

अण्णा ओढायचे थांबतात. पण हात काढत नाहीत. त्यांच्या पाठीमागे शेगडीवर काहीतरी उतू जातंय आणि त्याचा वास येत नाही.

हेमांगी विचारते. विचारायचं नसतं, तरी विचारते. "खरं सांगा अण्णा. तुम्हाला मी उपाशी मारलं का?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहतो. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान दिसतात. आता हा 'नाही गं पोरी' म्हणेल, डोक्यावर हात ठेवेल, असं तिला वाटतं. वर्षभर ती ह्याचसाठी थांबली आहे. निदान स्वप्नात तरी माणसाने एवढं करावं.

"हो," अण्णा म्हणतात. "मारलंस. दोन वर्षं जास्त जगवलंस, आणि ती दोन्ही वर्षं उपाशी ठेवलंस."

तिला रडू येत नाही. राग येतो, नुसता राग, पायापासून चढत जाणारा. "मग ह्यालाही ठेवीन," ती म्हणते. "खुशाल शिव्या घाला. ह्यालाही उपाशी ठेवीन आणि जगवीन."

"ठेव बाई." अण्णा बंडीच्या खिशात हात घालतात. "हे घे तुझं. जिभेखाली धरून ठेवायचो आणि तू वळलीस की थुंकायचो." तिच्या तळहातावर ते गोळ्या ओततात, दिवसाच्या, रात्रीच्या, सगळ्या, आणि तिची बोटं त्यांवर एकेक करून मिटवतात. गोळ्या गरम आहेत. ओल्या आहेत. मग ते सशाला सोडून देतात आणि त्याचं सगळं वजन एकदम तिच्या अंगावर येतं.

कूलर घरघरतोय. मान अवघडली आहे. पडद्याचं ऊन पिवळं झालंय. गुंडोपंत मांडीवर उठून बसले आहेत आणि तिच्या ओढणीचं टोक कुरतडतायत. तिचा एक हात त्यांच्या पोटाखाली अडकलेला, मूठ घट्ट मिटलेली. ती मूठ बाहेर काढून उघडते. आत लेंड्या आहेत. बारक्या, काळ्या, ओलसर, केसांनी एकमेकींत गुंफलेल्या.

आता तिला रडू येतं. ती मूठ पुन्हा मिटते आणि सशाच्या पाठीत तोंड खुपसून रडते.

दार लोटून कुमुदवन्सं आत येतात, हातात जपमाळ. मागे श्रीनिवास, उंबऱ्याबाहेरच थांबलेला.

"झालं का पोट मोकळं?" वन्सं विचारतात. हेमांगी मान हलवते, आणि त्यांचा चेहरा उजळतो. "बघ. मी म्हणत होते की नाही? अण्णांना पोचली खीर. मानवली ह्याला. उगाच आम्हाला बोल लावत होतीस. श्रीनिवास, आता पितृपंधरवड्यात पण ह्याच्यापुढे पान मांडायचं बरं का."

"मांडू," श्रीनिवास म्हणतो.

हेमांगी डोळे पुसते. मूठ न उघडता सशाला पोटाखालून आधार देऊन जाजमावर ठेवते, त्याच्यापुढे गवत सारते. मग उठून वन्संसमोर उभी राहते.

"हात करा पुढे, वन्सं. अण्णांनी दिलंय."

वन्सं जपमाळ मनगटात अडकवतात, डाव्या हातावर उजवा ठेवून प्रसादाला करतात तसा पुढे करतात आणि डोळे मिटतात. हेमांगी त्यांच्या हातावर मूठ रिकामी करते. वन्संचा हात सवयीने कपाळाकडे निघतो.