बाबांचे विश्वासगुण

टेकड्यांवरच्या चाळीसेक घरांत एकेक संगणक होता. घरातलं माणूस पारा बघून त्यात तापमान टाकी. या संगणकांवर मुख्य असा कोणी नव्हता. प्रत्येक संगणक शेजाऱ्यांचे आकडे आपल्याशी ताडून पाही आणि त्यांना शंभरपैकी विश्वासाचे गुण देई. विसाच्या खाली घसरलेल्याचं मग कोणी ऐकत नसे. हे जाळं सांभाळणारी बाई कचेरीत बसून भिंतीवरच्या नकाशातले, गुणांप्रमाणे उजळणारे घराघरांचे ठिपके न्याहाळायची. दुपारी पडदे ओढले की ते पाण्याखालच्या दिव्यांसारखे हलत.

त्यातला एक विझत चालला होता. तो तिच्या वडिलांचा.

"काय गं, आज किती?" बाबा फोनवर विचारत.

"बावीस."

"शाळेतसुद्धा एवढी नाचक्की झाली नव्हती माझी!"

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या त्या माणसाला आता एवढंच काम उरलं होतं.

मग आठवड्याभरात ठिपका उजळला. पन्नास. ऐंशी. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "बाबांनी नाव काढलं की तुझ्या!" ती हसली नाही. बाबांचा प्रत्येक आकडा म्हणजे तीन शेजाऱ्यांच्या आकड्यांची तंतोतंत सरासरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने बाबांचं घर गाठलं. घर खोलगटात. धुकं तिथे मुक्कामाला आल्यासारखं बसलेलं. कुंपण, पायऱ्या, सगळंच अर्धवट आठवल्यासारखं. ओसरीवरचा पारा चारवर होता. संगणकात बाबांनी सात लिहिले होते.

"सगळे सात म्हणतात," बाबा नजर चुकवत म्हणाले. "मीच एकटा शहाणा?"

"इथे थंडी साचते, बाबा. ते वर उतारावर राहतात."

"हे त्या यंत्रांना कोण पटवणार? चार लिहिले की मी बाद."

जाळ्यात हमीची सोय होती: एकाच्या आकड्यांची जबाबदारी दुसऱ्याने आपल्या नावावर घ्यायची. हमी असली की विसाखालच्याचंही ऐकावं लागे. पण हमी देणाऱ्याचे गुणही त्याच्यासोबत घसरत. जाळ्यात तिच्याही संगणकाला गुण होते, अठ्ठ्याण्णव, वर्षानुवर्षं जपलेले. त्यात घरचंच माणूस म्हटल्यावर लोकांची तोंडं कोण धरणार?

मग खुर्ची ओढून तिने हमी लिहिली.

"वेडी आहेस का? तुझं नाव जाईल!"

"तुम्ही पारा वाचा."

बाबांनी चष्मा पुसला, पाऱ्याला नाक लावलं.

"चार. थांब, थांब... पावणेचार."

त्यांनी तेवढेच लिहिले. धुक्यापलीकडे कुठेतरी दोघांचे गुण सोबतीने उतरू लागले.